नाव कळेपर्यंत

हे मनन सावकाश घ्यायचं आहे. घरात कोणी वाचून दाखवणारं असेल तर उत्तम, आजारी माणसाने पडून ऐकावं. कोणी नसेल तर स्वतःच वाचा, आणि जिथे थांबायला सांगितलं आहे तिथे खरंच थांबा. बसवत नसेल तर कुशीवर पडा, गुडघे पोटाजवळ घ्या. मध्येच उठून जावं लागलं तर जाऊन या, घोटभर पाणी प्या आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे चला. खंड पडला म्हणून काही बिघडत नाही.

ज्यांच्यासाठी हे लिहिते आहे त्यांचं पोट कित्येक महिन्यांपासून बिघडलेलं आहे. कधी जुलाब, कधी नुसती आव, कधी बेंबीभोवती असा मुरडा की घाम फुटतो. अंगावरचे कपडे सैल झाले आहेत. गावातल्या दवाखान्यात जंताच्या गोळ्या झाल्या, मुरड्याच्या झाल्या. कोणी मूळव्याध म्हणालं, कोणी उष्णता म्हणालं, घरच्यांनी दृष्टही काढून पाहिली. शेवटी यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, किंवा पलीकडे सेवाग्रामला, सावंगीला, नागपूरला दुर्बिणीच्या तपासणीची तारीख मिळाली. ती यायला अजून दिवस आहेत आणि ते दिवस सरत नाहीत.

या मधल्या काळात शरीर थकवतं, पण मन त्याहून जास्त थकवतं. आजाराला नाव नाही म्हणून मन स्वतःच एखादं नाव देऊन बसतं, आणि ते बहुतेक वेळा सगळ्यांत भीतिदायक असतं. नात्यागोत्यात कोणी पोटाच्या कॅन्सरने गेलं असेल तर तेच नाव. माझं म्हणणं एवढंच आहे की नाव देण्याचं काम तपासणीवर सोडावं. तोवर आपल्याला दुसरी कामं आहेत आणि ती आपल्या हातातली आहेत. ती नीट करता यावीत म्हणून हे मनन.

आता डोळे मिटा.

श्वासाकडे लक्ष द्या. पोट फुगवून दीर्घ श्वास घ्या असं मी सांगणार नाही, दुखऱ्या पोटाला तो ताण सोसत नाही. श्वास येतो तसा येऊ द्या. सोडताना मात्र थोडा वेळ लावा. आत येण्यापेक्षा बाहेर जायला जरा जास्त वेळ. पुन्हा एकदा तसंच. संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला बसायची ज्यांना सवय आहे, त्यांना हे सोपं जाईल. तुकडोजी महाराजांनी विदर्भाच्या खेड्यापाड्यांत ही शांत बसण्याची सवय रुजवून ठेवली आहे, ती अशा वेळी कामाला येते.

मेंदूपासून निघालेली व्हेगस नावाची नस मानेतून, छातीतून खाली उतरते आणि आतड्यांपर्यंत पोचते. मेंदू आणि पोट यांच्यात तिच्यातून सतत निरोप जात-येत असतात. म्हणून तर परीक्षेच्या सकाळी धडधाकट मुलालाही संडासला पळावं लागतं. सावकाश सोडलेल्या श्वासाने ही नस शांतपणाचा निरोप खाली पाठवते. याने आजार बरा होणार नाही. आजारावर चढलेला भीतीचा थर मात्र थोडा उतरतो, आणि मुरड्याच्या वेळी तेवढंही खूप असतं.

‘हे सगळं मनाचं आहे’ असं तुम्हाला कोणी म्हटलं असेल तर ते वाक्य बाजूला ठेवा. भीतीने पोट ढवळतं हे खरं. पण वजन उतरणं, रक्त पडणं, झोपेतून उठून जावं लागणं या गोष्टी भीतीच्या माथी मारून मोकळं होता येत नाही. म्हणूनच तपासणी ठरली आहे.

थांबा. पाच-सहा श्वास जाऊ द्या.

आता उजवा तळहात पोटावर ठेवा. दाबू नका, नुसता ठेवा. हाताची ऊब कातडीला लागू द्या. हे पोट तुमच्यावर रुसलेलं नाही, तुमच्याशी वैरही धरून नाही. त्याच्या आत काय चालतं ते आपण एकदा सावकाश पाहून घेऊ.

घास गिळला की तो छातीमागून उतरून जठरात येतो, डाव्या बरगड्यांच्या आडोशाला. तिथून लहान आतडं सुरू होतं. ते साधारण 6 मीटर लांब असतं आणि वेटोळी घालून बेंबीभोवती बसलेलं असतं. हात बेंबीवर आणा. सकाळी खाल्लेल्या भाकरीतून, वरणातून अंगाला जे काही लागतं त्यातलं बरंचसं इथे, या हाताखाली शोषलं जातं. त्याच्या आतलं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं. जुन्या पेशी गळतात, खालून नव्या वर येतात. तुमच्या आतड्यातही हे आत्ता चालू आहे. आजारी असलं तरी त्याने काम टाकलेलं नाही.

जेवण पोटात पडलं की पुढचं मोठं आतडं हलू लागतं, अशी शरीराची रचनाच आहे. निरोगी माणसालाही जेवल्यावर जावंसं वाटतं ते त्यामुळे. तुमचं आतडं सुजलेलं असेल तर हाच इशारा फार जोरात येतो. त्यामुळे घास घेताच पळावं लागलं की ‘अन्न पोटात राहतच नाही’ असं वाटून घाबरू नका. बाहेर पडतं ते बहुधा आधीचं असतं.

आता हात उजवीकडे खाली न्या, कमरेच्या हाडाच्या जरा आत. इथे लहान आतडं संपतं आणि मोठं सुरू होतं. इथे हात थोडा जास्त वेळ राहू द्या. तुमच्या डॉक्टरांचं लक्षही बहुधा या जागेवर असणार.

आपल्या देशात या सांध्यावर दोन आजार हमखास घर करतात. एक आतड्याचा क्षय, म्हणजे टीबी. दुसरा क्रोन्स, ज्याचं वर्णन बरिल क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1932 मध्ये न्यूयॉर्कला केलं. दोन्हींत आतड्याला व्रण पडतात, आतडं अरुंद होतं, पोट दुखतं, ताप येतो, वजन जातं. दुर्बिणीतूनही ते पुष्कळदा सारखेच दिसतात. भल्याभल्या तज्ज्ञांना ते वेगळे ओळखणं जड जातं. औषधं मात्र एकमेकांच्या उलट दिशेची आहेत. क्षयात जंतू मारायचा असतो. क्रोन्समध्ये शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटलेली असते, तिला आवरायचं असतं. क्षय असताना चुकून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं तर क्षय अंगभर पसरू शकतो. म्हणून चांगला डॉक्टर घाई करत नाही. आतड्याचे बारीक तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला पाठवतो, जंतूची चाचणी लावतो, छातीचा फोटो काढतो, पोटाचा सीटी स्कॅन सांगतो. कधी क्षयाची औषधं सुरू करून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालतो आणि व्रण भरले का ते पाहतो. ‘अजून सांगता येत नाही’ हे त्याचं वाक्य ऐकताना आपल्याला वाटतं की याला काही कळत नाही. मला ते वाक्य प्रामाणिकपणाचं वाटतं. जो पहिल्याच भेटीत, पोटाला हातही न लावता नाव सांगून टाकतो, त्याची भीती धरावी.

थोरले माधवराव पेशवे आठवा. 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊरला, चिंतामणीच्या सान्निध्यात त्यांचा अंत झाला, तेव्हा त्यांना अठ्ठाविसावं वर्ष चालू होतं. ते क्षयाने गेले आणि तो आतड्यांचा असावा असं मानलं जातं. राज्य होतं, वैद्य होते, आजाराला राजयक्ष्मा असं नावही होतं. औषध तेवढं नव्हतं. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जगाला दाखवला तो 1882 मध्ये, आणि त्याला मारणारं पहिलं प्रभावी औषध यायला 1940 चं दशक उजाडलं. आज परिस्थिती बरोबर उलटी झाली आहे. औषधं कपाटात तयार आहेत, ती नावासाठी थांबली आहेत. क्षय निघाला तर सरकारी दवाखान्यात औषधं फुकट मिळतात आणि उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. तुमचं वाट पाहणं आणि माधवरावांचं वाट पाहणं यांत हा फरक आहे. तो मनात नीट उतरू द्या.

थांबा. हात तिथेच असू द्या. श्वास सोडा.

आता लाजेबद्दल बोलू. या दुखण्यात लाज हे वेगळंच ओझं असतं आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

छाती दुखली तर माणूस चारचौघांत सांगतो. परसाकडे दहा वेळा जावं लागतं हे नवऱ्याला बायको सांगत नाही आणि बायकोला नवरा सांगत नाही. दिवाळीनंतर कापूस वेचायला गेलेल्या बाईचं काय होत असेल ते पाहा. उघडं रान, आडोशाला तुरीच्या दोन ओळी, सोबतीला वीस बाया, आणि वेचा किलोवर मोजला जाणार. ती सकाळी काही खातच नाही, म्हणजे दिवसा जावं लागणार नाही. उपाशी पोटी ओढ काढते, आणखी वाळते. एसटीने जायचं तर आदल्या रात्रीपासून धसका. गाडी कुठे थांबते, कोणत्या स्टँडवर संडास बरा आहे, वाहकाला कसं सांगायचं. लग्नाला जायचं टाळलं जातं, माहेरी जायचं टाळलं जातं. लोकांना वाटतं की हिला गर्व झाला.

अशा वेळी सेवाग्रामच्या त्या म्हाताऱ्याची आठवण काढावी. 1918 मध्ये, सेवाग्रामला येण्याच्या कितीतरी आधी, गांधीजींना नडियादला अतिसाराने गाठलं. चोवीस तासांत तीस-चाळीस वेळा जावं लागलं असेल, असं त्यांनी आपल्या आत्मकथेत स्वतःच लिहून ठेवलं आहे. आपण आता वाचत नाही असं त्यांना वाटू लागलं होतं, तेही त्यांनी लपवलं नाही. त्यांनी तेव्हा औषध नाकारलं. तो भाग आपण घ्यायचा नाही, औषध घ्यायचंच. घ्यायचा तो मोकळेपणा. जगाने ज्यांना महात्मा म्हटलं त्यांना आपल्या पोटाविषयी लिहिताना संकोच वाटला नाही, मग आपण आपल्या डॉक्टरांपुढे तरी कशाला संकोच धरावा?

मनातल्या मनात एक माणूस निवडा. बहीण असेल, मोठी जाऊ असेल, मित्र असेल. डोळ्यांपुढे त्याचा चेहरा आणा आणि त्याला साध्या शब्दांत सांगा: ‘मला महिन्यांपासून जुलाब होतात. रक्त पडतं. तपासणी आहे. मला भीती वाटते.’ मनात सांगून झालं की उद्या खरंच सांगा. हे ओझं एकट्याने वाहायचं नाही.

थांबा.

आता रात्र. घरातले सगळे झोपले आहेत, लांब कुठे कुत्री भुंकत आहेत, तुम्ही नुकतेच जाऊन आलात आणि आता झोप येत नाही. मन नाव शोधायला लागतं. मोबाइल हातात घेतला की तो दहा नावं दाखवतो. मोबाइल पालथा ठेवा. त्याऐवजी हळू आवाजात, स्वतःच्या कानांना ऐकू येईल इतपत, माहीत असलेलं तेवढंच बोला.

मला जुलाब होतात. हे माहीत आहे.

वजन कमी झालं आहे. हे माहीत आहे.

आज ताप नव्हता. हेही माहीत आहे.

मला कॅन्सर आहे. हे माहीत नाही.

मी आता बरा होणार नाही. हे माहीत नाही.

तपासणीची तारीख ठरली आहे. हे माहीत आहे.

पुन्हा एकदा म्हणा. जे माहीत नाही त्याच्याशी भांडू नका, त्याला नुसतं ‘माहीत नाही’ एवढं म्हणा आणि पुढच्या वाक्याला जा. भीती जाणार नाही. पण भीती ही भीती म्हणून बाजूला बसेल, खबर बनून तुमच्यापुढे येणार नाही.

जे माहीत आहे ते सकाळी कागदावर उतरवा. कधीपासून, दिवसातून किती वेळा, झोपेतून उठावं लागतं का, रक्त, आव, ताप, वजन. घरात किंवा शेजारी कोणाला टीबी झाला होता का. अंगदुखीसाठी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही लिहा, कारण त्यांनीही आतड्याला व्रण पडू शकतात आणि शेतात राबणारी माणसं त्या गोळ्या सर्रास घेतात. जडीबुटी घेतली असेल तर तीही लिहा, डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. रात्री तुम्हाला छळणाऱ्या गोष्टींना या कागदावर जागा मिळते, आणि डॉक्टरांना त्यातूनच वाट सापडते.

एक मात्र आत्ताच, डोळे उघडून ऐका. रक्त भरपूर पडू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, पोट फुगून ओकाऱ्या सुरू झाल्या आणि वाराही सरेना, किंवा पोटात असह्य कळ येऊन ताप चढला, तर तारखेची वाट पाहायची नाही. 108 ला फोन लावायचा आणि मोठा दवाखाना गाठायचा. तिथे मनन कामाचं नाही.

पुन्हा डोळे मिटा. तपासणीच्या आदल्या दिवसात जाऊ.

दवाखान्यातून मिळालेला कागद भिंतीला लावलेला आहे. दोन-तीन दिवस पालेभाजी, बिया, सालीची फळं बंद, मऊ भात आणि पातळ वरण चालू. लोहाच्या गोळ्या काही दिवस आधी थांबवायच्या का, मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं काय करायचं, हे डॉक्टरांना विचारून झालं आहे. आता पावडर पाण्यात कालवून ठेवली आहे. चव खारट, नको वाटणारी. थंड करून, थोडी थोडी, मध्ये थांबत प्या. ज्याचं पोट फुगतं आणि ओकाऱ्या होतात त्याने ती पिण्याआधी डॉक्टरांना नक्की सांगावं. त्या रात्री बरेचदा जावं लागेल, आणि महिन्यांत पहिल्यांदाच ते जाणं तुम्ही ठरवलेलं असेल. शेवटी पिवळसर स्वच्छ पाणी पडेल. आतडं जितकं स्वच्छ तितकं डॉक्टरांना नीट दिसतं, म्हणून शेवटचा ग्लास टाळू नका.

आणि आता तो दिवस. पहाटेची गाडी. वर्ध्याकडे निघालात तर वाटेत कळंब लागेल. थेऊरसारखा तिथेही चिंतामणी गणपती आहे, पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. श्रद्धा असेल त्याने गाडीतूनच हात जोडावेत. दवाखान्यात नाव पुकारलं जातं. मागून उघडणारा गाऊन, हाताला सुई, डाव्या कुशीवर निजणं. बहुतेक ठिकाणी गुंगीचं औषध देतात.

मघाशी हात जिथे थांबला ती जागा आठवा. दुर्बीण मोठ्या आतड्यातून उलट दिशेने तिथपर्यंत जाते. आधी डावीकडून वर, मग बरगड्यांखालून आडवी, मग उजवीकडे खाली, आणि शेवटी त्या सांध्यापाशी, जिथे तुमचा हात इतका वेळ होता. साधारण अर्ध्या तासाचं काम. आतडं उघडावं म्हणून हवा सोडतात, त्याने पोट तट्ट होतं आणि कळ येते. तेव्हा श्वास सावकाश सोडा, सवय झालेलीच आहे. तुकडे काढताना दुखत नाही, आतड्याच्या अस्तराला कापल्याची जाणीव नसते. नंतर वारा सरेल, तो दाबून धरू नका, तिथल्या प्रत्येकालाच सरतो.

थांबा. त्या खोलीत थोडं राहा. आजूबाजूची माणसं पाहा. ती तुमच्या आजाराचं नाव शोधायला जमली आहेत.

मग रिपोर्टचे दिवस. तुकड्यांचा रिपोर्ट काही दिवसांत येतो, क्षयाच्या जंतूची वाढ पाहायची असेल तर सहा ते आठ आठवडेही लागतात. नाव क्षय निघेल, क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस निघेल, गव्हाचं न सोसणं निघेल, किंवा सगळं स्वच्छ निघून आतड्याच्या हालचालीतला बिघाड ठरेल. या यादीत कॅन्सरही आहे. त्याचं नाव गाळून तुमचं समाधान करणं मला खोटेपणाचं वाटतं. तो निघालाच तर जितका लवकर सापडेल तितका उपचाराला वाव जास्त, आणि तो लवकर सापडण्याची वाटही ह्याच तपासणीतून जाते. सगळं स्वच्छ निघालं तर काहींना आनंदाऐवजी रडू येतं, मग मला होतं ते काय, असं वाटतं. तेव्हाही डॉक्टरांकडे परत जा. स्वच्छ रिपोर्ट म्हणजे त्रास खोटा, असा अर्थ होत नाही.

हात पोटावरून काढा. डोळे उघडा. उठायची घाई नको.

तपासणीची तारीख चुकवू नका. वेचणी आहे, लग्न आहे, हाताशी पैसे नाहीत, यातलं कोणतंही कारण आलं तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते विचारा, दुसरी तारीख मागा, पण जा. जुनी कागदपत्रं एका पिशवीत घ्या. गुंगी उतरेपर्यंत गाडी चालवायची नसते, म्हणून सोबत एक माणूस न्या, आणि त्याला सगळं आधी सांगून ठेवा.